गाडी तापली की बंद पडते, थंड झाली की पहिल्या किकला सुरू. नेमकं काय तपासू?

रातराणी

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार, म्हणून सगळं लिहिते.

गाडी १५० सीसी, एकच सिलिंडर, कार्ब्युरेटरची, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. २००८ सालची, ५२,६०० किलोमीटर झालेली. बाबांची गाडी. ते गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी चालवते. बाबांनी गाडीची एक वही ठेवली होती. ऑइल कधी बदललं, चेन कधी ताणली, टॅपेट कधी लावले, सगळं किलोमीटरसकट. वही मी पुढे चालू ठेवलीय, पण नोंदी ठेवणं वेगळं आणि गाडी कळणं वेगळं.

त्रास असा. थंड गाडी चोक ओढला की पहिल्या, फार तर दुसऱ्या किकला सुरू होते. आयडलिंग छान, पिकअप छान. साधारण २५-३० मिनिटं सलग चालवली की बंद पडते. मग सेल्फ मारा नाहीतर किक मारा, ढिम्म. सेल्फने इंजिन जोरात फिरतं, पण पेट घेत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते, आणि पुढे दहा-बारा मिनिटांत पुन्हा तेच.

दीड महिन्यात सहा वेळा झालं. आतापर्यंत प्लग नवा, एअर फिल्टर नवा, बॅटरी नवी, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ. प्रत्येक वेळी वाटलं आता सुटलो, आणि ये रे माझ्या मागल्या. गॅरेजमध्ये त्यांनी माझ्यासमोर दहा-बारा मिनिटं चालू ठेवून पाहिली, एकदाही बंद पडली नाही. जे दिसतच नाही ते ते तरी कसं दुरुस्त करणार?

मला रात्रपाळी असते आणि कामाची जागा ३८ किलोमीटरवर. परवा रात्री पावणेबाराला गाडी मध्येच थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी ढकलत कडेला घेतली आणि ४० मिनिटं तिच्याशेजारी उभी राहिले. खरं सांगते, भीती वाटली. घरचे म्हणतात विकून टाक. मला विकायची नाही, आणि आणखी एक पार्ट अंदाजाने बदलायचाही नाही. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा तिथल्या तिथे मी काय काय पाहू, हे सांगाल का? पाना-पक्कड हाताळायची मला भीती नाही.

सुसाट

सीडीआय (प्लगला ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलंय. माझ्या गाडीचं अगदी हेच होतं. तापलं की बंद. सीडीआय बदला, विषय संपला.

पान्याचा डबा

रातराणीताई, तुम्ही जे विचारलंय तेच बरोबर आहे. या दुखण्याचा पुरावा फक्त गाडी बंद असते त्या अर्ध्या तासातच मिळतो. गॅरेजपर्यंत पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, मग सगळे अंदाजाने पार्ट बदलत बसतात. सुसाटभाऊंचं खरं ठरेलही, पण तपासल्याशिवाय सीडीआय घेऊ नका.

आधी एक आठवून सांगा. बंद पडते ती कशी? चावी फिरवल्यासारखी एकदम, की आधी आचके देत, दम सोडत, मग बंद? एकदम बंद म्हणजे बहुतेक करंट तुटला. आचके देत बंद म्हणजे पेट्रोल कमी पडलं. हा नियम शंभर टक्के नाही, पण मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो.

दुसरं म्हणजे, २५ मिनिटांनी बंद पडते याचा अर्थ तापल्यामुळेच बंद पडते असा नाही. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि शेवटी पेट्रोल उतरायचंच थांबतं. थोडा वेळ गेला की कुठून तरी हवा शिरते आणि गाडी सुरू. लक्षणं हुबेहूब तापण्याची, कारण मात्र इंजिनापासून हातभर लांब. मी स्वतः एकदा यात पूर्ण दिवस घालवलाय.

आता रस्त्यावर काय करायचं ते. सोबत एक जादा प्लग (जुना चालेल, पण चांगला हवा), रबरी मुठीची पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि एक झाकणाची छोटी बाटली ठेवा.

गाडी बंद पडली की सुरक्षित जागी उभी करा. किल स्विच चुकून दाबला गेला नाही ना, एवढं बघून घ्या. मग सगळ्यात आधी स्पार्क. इंजिनातला प्लग काढू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापलेल्या हेडमधून प्लग काढताना आटे गेले तर नवीन दुखणं. फक्त प्लगकॅप उपसा, त्यात जादा प्लग बसवा आणि त्याची आट्यांची बाजू इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा. प्लग पक्कडीत धरा, हाताने नाही. करंट जोरदार बसतो. चावी चालू, किक मारा. रात्र आहे हे उलट बरंच, टॉर्च बंद केला की ठिणगी स्वच्छ दिसेल. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी म्हणजे ठीक. पिवळसर, मलूल म्हणजे संशय. काहीच नाही म्हणजे चोर करंटच्या बाजूला. प्लग अधांतरी ठेवून किक मारू नका, त्याने कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो.

स्पार्क चांगला असेल तरच पेट्रोलकडे वळा. टाकीचं झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा सूं आवाज येतो का ऐका, आणि लगेच सेल्फ मारा. सुरू झाली तर झाकणाचं भोक साफ करा, काम झालं. नाही झाली तर इंजिन जरा निवू द्या, चावी बंद करा, कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून नळी बाटलीत धरा. धार सलग हवी. थेंबथेंब आलं तर दोष कॉकमध्ये (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीत) किंवा त्याच्या जाळीत.

आणि हा क्रम उलटा करायचा नाही. पेट्रोल काढल्यानंतर स्पार्क बघायचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती इंजिनाभोवती खाली साचून राहते, आणि तुम्ही तिथेच ठिणगी पाडणार. हे मी कळकळीने सांगतोय.

मंदगती

वरच्या यादीत एक भर. वहीत टॅपेटची शेवटची नोंद कधीची आहे?

व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) वर्षानुवर्षं बसून बसून सीटमध्ये, म्हणजे त्यांच्या टेकायच्या कडेत, रुततात, त्यामुळे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट वाढण्याऐवजी कमी होत जाते. गाडीचा टकटक आवाज बंद होतो आणि आपण खूश होतो की इंजिन किती शांत झालंय. ते शांत होणं चांगलं नसतं. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. मग गाडी गरम असताना सुरू होत नाही.

ओळखायला सोपं आहे. थंड असताना किक पायाला जेवढी घट्ट लागते तेवढीच बंद पडल्यावर लागते का? भसकन खाली गेली तर टॅपेट बघा. फट मात्र इंजिन पूर्ण थंड असताना मोजायची, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना, म्हणजे दोन्ही टॅपेट मोकळे हलतात तेव्हा.

रातराणी

सगळ्यांचे आभार. काल रात्री संधी मिळाली, म्हणजे गाडी बंद पडली. या वेळी मी वाटच बघत होते, त्यामुळे भीती कमी वाटली.

२८ मिनिटांनी बंद. एकदम, चावी फिरवावी तशी. आचका नाही, काही नाही. किक थंड गाडीइतकीच घट्ट. किल स्विच ठीक. जादा प्लग कॅपमध्ये घातला, पक्कडीने हेडच्या बोल्टला टेकवला, टॉर्च बंद केला आणि किक मारली. अंधारात डोळे ताणून पाहिलं. काहीच नाही. सात-आठ किका मारल्या, एकही ठिणगी नाही.

मग दर पाच मिनिटांनी एक किक मारून बघत राहिले. ३५ व्या मिनिटाला अचानक टक् टक् टक्, निळी, नखाएवढी ठिणगी. मलूल होत होत वाढली असं नाही. आधी शून्य आणि मग एकदम पूर्ण. कॅप परत बसवली, गाडी पहिल्या किकला सुरू.

मंदगती, वहीत टॅपेटची शेवटची नोंद ४१,२०० किलोमीटरची, बाबांच्या अक्षरात. म्हणजे ११,४०० किलोमीटर त्यांना कुणी हातच लावलेला नाही. लाज वाटली.

आता करंटच्या बाजूला कुठे शोधू? माझ्याकडे मल्टिमीटर आहे.

सुसाट

म्हणजे सीडीआयच.

तारायंत्र

सीडीआय असेलही, पण ते शेवटी. सीडीआय साध्या मल्टिमीटरने खात्रीने तपासता येत नाही, दुसऱ्या चांगल्या गाडीचं तेच सीडीआय लावून बघावं लागतं. त्याच्या आधी ज्या गोष्टी मोजता येतात त्या मोजून घ्या.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘शून्य आणि मग एकदम पूर्ण’. हळूहळू खराब होणारी गोष्ट अशी वागत नाही. असं तुटलेली तार वागते. पिकअप कॉइल म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटच्या बाहेरच्या बाजूला एक उंचवटा असतो. तो दर फेरीला या कॉइलसमोरून जातो, कॉइलमध्ये एक बारीकसा ठोका उमटतो, आणि त्या ठोक्यावर सीडीआय ठिणगी सोडतं. ठोका नाही तर ठिणगी नाही, बाकी सगळं नवंकोरं असलं तरी. आत कुठेतरी तार तुटलेली असली तरी थंड असताना दोन टोकं एकमेकांना चिकटून राहतात. तापलं की सगळं प्रसरण पावतं आणि टोकं सुटतात.

गॅरेजमध्ये का सापडलं नाही तेही यातून कळतं. बऱ्याच गाड्यांमध्ये ही कॉइल मॅग्नेट कव्हरच्या आत असते, ऑइलच्या शिंतोड्यात. ऑइल पुरतं तापायला रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उभ्या गाडीवर दहा मिनिटांच्या आयडलिंगने ते तेवढं तापत नाही.

मोजायचं असं. पिकअप कॉइलचा कप्लर (वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड) साइड कव्हरखाली सापडेल. वायरचे रंग प्रत्येक गाडीत वेगळे, मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा बघा. कप्लर सोडवूनच मोजायचं, जोडलेला असताना आकडा चुकीचा येतो. थंड असताना एक आकडा लिहून ठेवा. मग गाडी बंद पडेल त्या क्षणी दुसरा. एचटी कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी कॉइल) आणि प्लगकॅपचंही तसंच. कॅप बहुतेक वेळा ५ किलो-ओहमच्या आसपास असते.

एक सूचना, नाहीतर उगाच घाबराल. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतोच, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के. म्हणजे २५ अंशांना २०० ओहम दाखवणारी चांगली कॉइल १०० अंशांना २६० च्या आसपास दाखवेल. तो बिघाड नाही. आकडा गायब होऊन मीटरवर ओएल (म्हणजे तार तुटलेली, मोजता येत नाही) आलं, तर तो बिघाड.

आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून गाडी बंद पडते का तेही बघा. मानेपाशी वायर घासून अर्थ होतात, म्हणजे गाडीच्या धातूला टेकतात.

रातराणी

थंड असताना, सकाळी: पिकअप कॉइल २१२ ओहम, प्लगकॅप ५.१ किलो-ओहम, एचटी कॉइल मॅन्युअलच्या हद्दीत. हँडल वळवून काही फरक नाही.

रात्री, ३१ व्या मिनिटाला बंद पडली. साइड कव्हर मी मुद्दाम एकाच स्क्रूवर ठेवलं होतं. टॉर्च दातात धरून कप्लर सोडवला आणि मीटर लावला. ओएल. पिना नीट लागल्या नसतील म्हणून पुसून पुन्हा लावल्या. ओएल. एचटी कॉइल आणि कॅप जवळजवळ सकाळसारख्याच.

मग पिना तशाच धरून बसून राहिले. विसाव्या मिनिटाला आकडा उडी मारून आला, २५१. कप्लर जोडला, किक मारली, सुरू. तारायंत्र, तिथे रस्त्याच्या कडेला मी मोठ्याने हसले. दीड महिना जे मला दिसत नव्हतं ते त्या छोट्या पडद्यावर लिहून आलं होतं.

पान्याचा डबा

शाब्बास! आता कॉइल बदलताना चार गोष्टी सांभाळा. कव्हर उघडण्याआधी ऑइल काढा किंवा गाडी दुसऱ्या बाजूला कलती ठेवा. कव्हर परत बसवताना मॅग्नेट ते खस्सकन आत ओढतो, बोटं कडेला ठेवू नका, चांगलीच चिरडतात. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने कव्हरवर ओरखडा पडला की तिथूनच ऑइल पाझरणार. कॉइल आणि मॅग्नेटच्या उंचवट्यातली फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि जिथून वायर बाहेर येते तो रबरी बूच नीट बसवा.

काही गाड्यांमध्ये पिकअप कॉइल सुटी मिळत नाही, सगळी स्टेटर प्लेटच (सगळ्या कॉइल बसवलेली प्लेट) घ्यावी लागते.

आडवळण

मध्येच विचारतो, माझी फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे. तिलाही हे होऊ शकतं का? चालू होत नसेल तर काय बघायचं?

तारायंत्र

होऊ शकतं. तिथे त्याला क्रँक पोझिशन सेन्सर म्हणतात, पण बऱ्याच गाड्यांत आत तीच तारेची कॉइल. तो ठोका बंद झाला तर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही थांबतात. तुमच्या गाडीत आणखी एक सोपी खूण आहे. चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज, पंपाचा रिले आणि किल स्विच आधी बघा. गाडी आडवी पडून गेली असेल तर गाडी पडल्याचं ओळखणारा सेन्सर पंप बंद ठेवतो, चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करा. आणि बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर ढकलून सुरू करण्यात दम घालवू नका, पंपालाच करंट मिळत नाही. बाकी नवीन धागा काढा, तिथे बोलू.

रातराणी

झालं काम! कॉइल सुटी मिळाली, दोन स्क्रूवर बसते. जुनी अंगठ्याएवढी, काळ्या रेझिनमध्ये बुडवलेली, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑइलमध्ये बसून तिच्या वायर काठीसारख्या कडक झाल्या होत्या. पान्याचा डबा, बोटांबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं, कव्हर खरोखर हातातून हिसकावून घेतल्यासारखं आत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी होती तेव्हाच, टॅपेटही पाहिले. मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टची फट ०.१० मिलिमीटर दिलीय. ०.१० ची पट्टी शिरलीच नाही, ०.०५ ची कशीबशी घुसली. म्हणजे मंदगती, तुम्ही म्हणालात ते दुखणंही वाटेवर होतंच, अजून पोचलं नव्हतं इतकंच. दोन्ही फटी मॅन्युअलप्रमाणे लावल्या. आता बारीक टकटक ऐकू येते आणि मला ती आवडते.

काल न थांबता १ तास ४० मिनिटं चालवली. बंद पडली नाही.

सुसाट

अभिनंदन! सीडीआय मी ठामपणे सांगितलं होतं, ते चुकलं. पण एक शंका खरंच आहे. तुम्ही तो कप्लर चार-पाच वेळा काढला-घातला. कप्लरच गंजलेला असेल आणि काढघालीत साफ होऊन गाडी बरी झाली असेल तर? मग कॉइलमुळेच होतं हे कशावरून?

रातराणी

शंका अगदी रास्त आहे, मला दिवसभर तीच डाचत राहिली. म्हणून आज जुनी कॉइल टेबलावर ठेवली, कप्लर कापून मीटरच्या पिना थेट उघड्या वायरना चिमट्यांनी लावल्या आणि केस वाळवायचा ड्रायर पूर्ण गरम करून जवळ धरला.

सुरुवात २१२. मग २२०, २३१, २४४. आकडा सावकाश चढत होता, तारायंत्रांनी सांगितलं होतं तसाच. २५८ वर आला आणि पुढच्याच क्षणी ओएल. ड्रायर बंद करून बाजूला ठेवला, कॉइलला हात लावला नाही. साडेचार मिनिटांनी आकडा आपोआप परत आला, २४९. हे तीनदा केलं. तिन्ही वेळा २५५ ते २६० च्या दरम्यान तुटली आणि २५० च्या आसपास जोडली गेली. रस्त्यावर २५१ ला परत आली होती.

नवी कॉइल बसवण्याआधीही मी असाच ड्रायर दहा मिनिटं धरला होता. २०५ वरून २६३ पर्यंत गेली, एकदाही तुटली नाही.

वहीत बाबांच्या ४१,२०० च्या नोंदीखाली माझ्या नोंदी भरत आल्यात. आज तिथे हे सगळे आकडे लिहिले, ५२,९४० किलोमीटर. जुनी कॉइल फेकली नाही, चिठ्ठी बांधून टूलबॉक्समध्ये ठेवलीय: ‘थंड २१२, गरम तुटते’. आज रात्रपाळी आहे, साडेदहाला निघेन.